मानेचा पट्टा

मेथीचं गठुडं नाल्यात पडलं तेव्हा भागीरथाला आधी वाटलं, पाय घसरला. पण पाय जागेवर होते. भारा धरायला वर केलेला उजवा हात खांद्यापासून मुका झाला, बोटं आपोआप सुटली, आणि पहाटेपासून उपटून, जुड्या बांधून, ओल्या फडक्यात गुंडाळलेली मेथी चिखलात जाऊन बसली. मागून सून वंदना सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांची पाटी घेऊन येत होती. तिनं पाटी धुऱ्याच्या बांधावर टेकवली आणि सासूकडे न बघता आधी मेथी उचलायला धावली. तिचंही बरोबर होतं. रस्त्यावर ऑटोवाला उभा होता आणि तो कोणाच्या हातापायासाठी थांबत नाही.

हा डोक्यावरचा भारा पूर्वी नव्हता. हुडकेश्वरच्या पुढे, जिथं शहर संपतं असं अजूनही काही भोळे लोक म्हणतात, तिथं तिच्या नवऱ्याचं, मधुकररावांचं, वावर आणि वावराच्या तोंडाशीच घर. पांधण, म्हणजे वावरातली गाडीवाट, थेट आंगणापर्यंत यायची. बैलांची बंडी यायची, पुढे ऑटोही यायला लागला. मग शेजारची जमीन गिरिधरशेठनं घेतली आणि घरांच्या प्लॉटांचं लेआउट पाडलं. नागपंचमीच्या कुस्त्यांच्या दंगलीत त्यानं मधुकररावांना फेटा बांधला, शाल पांघरली, हातात चकचकीत गदा दिली आणि माईकवरून त्यांना वाघ म्हटलं. थोड्याच दिवसांनी तो पांधणीचं बोलायला घरी आला, तेव्हा वाघानं त्याला चहा पाजला आणि म्हटलं, बांधा शेठ भिंत, आपल्या माणसाले नाही कसं म्हणू. घरातल्या बायांना विचारायची रीत नव्हती, म्हणून कोणी विचारलं नाही.

भिंत झाली. भिंतीच्या कडेनं एक माणूस जाईल एवढी वाट उरली आणि मधे नाल्यावर एक फळी. तिथून चाक जात नाही, बाईचं डोकं जातं. गदा ओसरीत खुंटीला टांगली आहे, तिच्यावर कोळी राहतो.

मधुकरराव स्वतः भारा उचलत नसत आणि त्यालाही मोठं कारण होतं. त्यांच्या आखाड्यात लंगोट घेताना वस्ताद चेल्याच्या डोक्यावर माती टाकायचा आणि शब्द घ्यायचा, की या डोक्यावर आता ओझं घेणार नाही. खांद्यावर चालेल, पाठीवर चालेल, डोक्यावर नाही. मधुकररावांनी तो शब्द साठीला आले तरी पाळला होता. खांद्यावर चाललं असतं, पण खांदा एका जुन्या कुस्तीत निखळला होता. पाठीचं त्यांनी कधी काढलं नाही. मुलगा आयुष मोटारसायकलच्या शोरूममध्ये कामाला. इस्त्रीचा शर्ट घालून तो भिंतीच्या कडेनं असा निघून जायचा, की भाजी दुसऱ्याच कोणाच्या वावरातली असावी.

तर त्या सकाळी भागीरथा चिखलाच्या पायांनी घरी आली तेव्हा आंगणात दोन माणसं बसली होती. मधुकररावांना आता लोक वस्ताद म्हणत आणि त्यांच्याकडे रोजच कोणी ना कोणी यायचं. आखाडा ओस पडला, पण वस्तादाचा हात राहिला. कोणाची कंबर धरली, कोणाची मान आखडली, की वस्ताद जवसाचं तेल कोमट करायचे, माणसाला स्टुलावर बसवायचे, एक तळवा हनुवटीला, दुसरा डोक्याच्या मागे, आणि बोलता बोलता एक झटका. कडकन आवाज यायचा. मग ते विचारायचे, आला ना आवाज? आवाज आला म्हणजे बसली. माणूस मान हलवत, हसत उठायचा. कित्येकांना बरंही वाटायचं. ज्यांना वाटत नसे ते परत येत नसत, आणि न येणाऱ्यांची चर्चा होत नाही.

भागीरथानं हाताचं सांगितलं. मानेले हात नका लावू, थोडं पडून राहते, असंही म्हणाली. पण दोन माणसं बघत होती.

"अवं, दुनियेच्या माना बसवतो मी," मधुकरराव त्यांच्याकडे बघून हसले. "घरची काहून नाही बसणार?"

ती स्टुलावर बसली. तेलाचा वास आला, मग त्यांचा तळवा आला. झटका बसला आणि आवाज असा आला की ओट्यावरची माणसं वाहवा करून गेली. तिच्या डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. मधुकररावांनी विचारलं, आला ना? तिनं हो म्हणून मान हलवली, कारण लग्न झाल्यापासून चारचौघांत तिनं त्यांना दुसरं उत्तर दिलं नव्हतं. दुपारी चहाचा कप तिच्या हातून सुटला. दुसऱ्या दिवशी भाकर थापता येईना. उजव्या हाताची बोटं तिच्याच हाताला होती, पण शेजाऱ्याची असल्यासारखी. सगळ्यांत वाईट म्हणजे तिला आंबाडा बांधता येईना. केस मोकळे घेऊन ती सुनेपुढे पाठ करून बसली, तेव्हा तिला रडू आलं. वंदनानं केस विंचरले.

दवाखान्यात वंदनानंच नेलं. डॉक्टरनं फोटो उजेडात धरून सांगितलं की मानेच्या मणक्यांमधली गादी सरकली, शीर दबली. डोक्यावर ओझं नाही. कोणाकडून मान मोडून घ्यायची नाही. कोणी मोडली, हे त्यानं विचारलं नाही. मागे रांग होती. त्यानं मानेला पट्टा दिला, जाडसर, मळक्या रंगाचा, पुढून चिकटवायचा.

पट्टा घालून भागीरथा घरी आली आणि मधुकररावांचा चेहरा उतरला. बायकोचं दुखणं पाहून उतरला असता तर गोष्ट वेगळी होती.

"हे घालून आंगणात बसशील तर लोक का म्हणतीन?" ते म्हणाले. "वस्तादाच्या घरातच वस्तादाचा हात चालत नाही म्हणतीन."

काढ असं ते म्हणाले नाहीत, त्यांना तेवढी माणुसकी होती. पदर घे म्हणाले. तेव्हापासून भागीरथा डोक्यावरून पदर घेऊन तो गळ्याशी गुंडाळून बसायला लागली. ऑक्टोबरचं ऊन, आत फोमचा पट्टा, वरून सुती पदर. मानेवर घामोळं उठलं. कोणी आलं की ती गोठ्याकडे निघून जायची.

डोक्यावरचं सगळं ओझं आता वंदनावर आलं. तिला दिवस गेलेले होते, नुकतेच. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी तिला जपून चाल असं सांगितलं होतं.

लेआउटमध्ये भाजी द्यायला वंदना जायची, तिथं करिष्मा नावाची एक बाई राहायची. बँकेत होती. दिवसभर वाकून बसून तिचीही मान गेली होती आणि ती प्रताप नगरात एका वर्गाला जायची. जुडो, कराटेतले पवित्रे शिकवून मान आणि पाठ नीट करतात, असं तिनं सांगितलं. वंदनानं सासूचं सांगितल्यावर करिष्मा म्हणाली, माझ्या गाडीत जागा असते, त्यांनाही घेऊन येत जा. मधुकररावांनी ऐकलं तेव्हा ते खूप वेळ हसले. म्हातारीले कराटे, म्हणाले, जाऊ दे, दोन दिवसांनी स्वतःच बसन घरी. हसण्यावारी नेलं म्हणूनच तिला जाता आलं.

वर्ग पिठाच्या गिरणीच्या वर होता. गिरणी सुरू झाली की जमीन पायाखाली थरथरायची आणि पिठाचा वास जिन्यातून वर यायचा. खाली जाड गाद्या अंथरलेल्या. शिकवणारी मिनल म्हणून होती, पस्तिशीतली, आखूड केसांची, पांढरा जाड अंगरखा आणि कमरेला काळा पट्टा. लहानपणापासून जुडो खेळलेली, पुढे फिजिओथेरपी शिकलेली. तिनं भागीरथाचा फोटो पाहिला, बोटं एकेक दाबून पाहिली, आणि मानेला हातसुद्धा लावला नाही. भागीरथाला याचंच नवल वाटलं.

"आधी उभं राहायला शिकू," मिनल म्हणाली.

भागीरथाला वाटलं, आपली थट्टा चालली आहे. जन्मभर उभीच तर होते. पण मिनलनं तिचे पाय खांद्याएवढे लांब करायला लावले, गुडघे सैल, बूड खाली, बंडीच्या पुढच्या दांडीवर बसावं तसं. मग हनुवटी थोडी आत. मग स्वतःचा तळवा कपाळाला लावून डोक्यानं तळव्याला ढकलायचं आणि तळव्यानं डोक्याला, कोणीच जिंकायचं नाही. श्वास सोडत सोडत. मग दोन्ही मुठी हळूहळू पुढे न्यायच्या, दळणाच्या जात्यासारखा संथ फेरा. झटका कशातच नव्हता. मिनल सगळ्यांना एकच सांगायची, की दुसऱ्यानं तुमची मान सरळ करून द्यायची नसते, तिला धरून ठेवणाऱ्या मांसाला काम द्यायचं असतं.

दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला भागीरथानं पाहिलं, की कॉम्प्युटरवाले आणि बँकवाले डोक्यावर वाळूची छोटी पुरचुंडी ठेवून हॉलमध्ये फेऱ्या मारत आहेत. मान सरळ राहावी म्हणून. दर चार पावलांनी कोणाची तरी पुरचुंडी धपकन पडायची. भागीरथाला पदरात तोंड घालून हसू आलं, आणि हसता हसता एकदम वाईट वाटलं. तिनं मिनलला विचारलं, मी पण ठेवू का?

"तुम्ही नाही मावशी. तुम्ही रिकाम्या डोक्यानं चाला."

भागीरथा चालायला लागली. चांगला डावा हात आपोआप वर गेला आणि डोक्यावर नसलेला भारा धरून राहिला. मिनलनं जवळ येऊन तो हळूच खाली घेतला. दोन पावलं झाली की तो पुन्हा वर जाई. भिंतीशी बसलेली वंदना ते बघत होती, तिनं तोंड फिरवलं.

शेवटी एक खेळ असायचा. जोडीनं समोरासमोर उभं राहायचं. एकानं दुसऱ्याच्या खांद्यावर तळवा ठेवून ढकलायचं. दुसऱ्यानं पाय रोवायचे, कंबर वळवून तो जोर बाजूला जाऊ द्यायचा, आणि पोटातून मोठ्यांदा म्हणायचं, नाही. मिनल सांगायची की आवाज आत कोंडला की गळा आवळतो, गळा आवळला की मान कडक होते. तेव्हा ओरडायची लाज धरू नका. सगळे ओरडायचे. करिष्मा इतकी ओरडायची की खालचा गिरणीवाला वर बघायचा. भागीरथाचे पाय रोवले जायचे, कंबर वळायची, तोंडही उघडायचं. आवाज तेवढा यायचा नाही. नुसता श्वास यायचा. मिनल म्हणायची, येईल.

एकदा मिनलनं तिला एकटीला बाजूला घेऊन विचारलं, मानेला झटका कोणी दिला होता? एवढं नुसत्या ओझ्यानं होत नाही.

"पडली मी," भागीरथा म्हणाली. "नाल्यात."

वंदनानं मान वर केली. भागीरथानं तिच्याकडे पाहिलं नाही. मग मिनलनं घरी कोण कोण, मालक काय करतात, असं सहज विचारलं, आणि भागीरथाच्या तोंडून निघून गेलं की वस्ताद आहेत, मोठे पहिलवान होते. तिला ते सांगताना बरंही वाटलं. नवऱ्याचा अभिमान काही एका दिवसात जात नाही.

हिवाळा लागला. वावरात मेथी, पालक, वांगी, सगळं एकदम आलं. वंदना भारे वाहत होती, तिचं पोट दिसायला लागलं होतं. फळीवर आली की ती थांबायची, एक हात पोटावर, एक भाऱ्यावर, आणि मग पाऊल टाकायची. भागीरथा घरातलं करायची, खुरपायची, आणि संध्याकाळी गोठ्याच्या मागे पाय रोवून उभी राहायची. बैल तिच्याकडे बघत रवंथ करायचे. त्यांनाही काम उरलं नव्हतं.

बोटं परत आली ती हळूहळू, भाड्यानं दिलेली वस्तू परत यावी तशी. आधी मुंग्या, मग चटका कळायला लागला, मग विळा धरता आला. एका सकाळी वंदना फणी घेऊन आली, तर सासू आंबाडा बांधून बसलेली. वाकडा होता, पण स्वतःचा होता. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. दवाखान्यात फेरी झाली. पट्टा आता नको, पण डोक्यावर कधीच काही नको, असं डॉक्टर म्हणाला. भागीरथानं पट्टा धुवून पिठाच्या डब्यामागे ठेवला.

मधुकररावांनी आंबाडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मी म्हणतच होतो," ते म्हणाले. "बसवल्यावर मुरायले वेळ लागते."

त्यात लबाडी नव्हती, हेच वाईट होतं. त्यांचा खरंच तसा विश्वास होता.

जानेवारीत मिनलच्या वर्गाचा वार्षिक कार्यक्रम होता. ती स्वतः निमंत्रण घेऊन घरी आली, भिंतीच्या कडेनं, साडी सावरत. जुने आखाडे आणि आमचं काम यांचं नातं आहे, वस्तादांनी दोन शब्द बोलावेत, असं म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. भागीरथानं खोटं सांगितलं होतं, तिनं ते खरं धरलं होतं. भागीरथा चहा गाळत होती, तिच्या हातातली गाळणी थांबली. पण बोलायची वेळ तेव्हाही गेली.

कार्यक्रमाला मधुकरराव गिरिधरशेठनं दिलेली शाल घेऊन गेले. पोरांनी पडून दाखवलं, उडून दाखवलं. भागीरथाला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मिनलनं माईकवर सांगितलं की या मावशींचा हात गेला होता, आज त्या स्वतःचं सगळं करतात, आणि टाळ्या पडल्या. मग मधुकरराव उभे राहिले. आखाड्याची माती, गुरूचा शब्द, असं बरंच बोलले, चांगलं बोलले. आणि शेवटी म्हणाले, की इथं सगळी मंडळी महिनोन्महिने कसरत करतात ते चांगलंच आहे, पण हिची मान मी घरीच बसवली होती, एका हातात. कसरतीनं ती नुसती मोकळी झाली. ज्याले विश्वास नाही त्यानं हिलेच विचारा.

सगळी रांग भागीरथाकडे बघायला लागली. मधुकरराव वरून बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, कितीतरी वर्षांनी एवढी माणसं त्यांच्यासमोर बसली होती. भागीरथानं पदर पुढे ओढला. लोकांनी तो होकार धरला आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या.

जिन्यात मिनलनं तिला गाठलं. तिचा चेहरा पांढरा झाला होता. "मावशी, तुम्ही पडला नव्हता ना?"

"ते म्हणतात ते खरं," भागीरथा म्हणाली आणि खाली उतरली. गिरणी चालू होती. पायऱ्या थरथरत होत्या.

त्या दिवसापासून तिचं वर्गाला जाणं बंद झालं. आता काहून जातेस, झाली ना चांगली, असं मधुकरराव म्हणाले. आणि आंगणात गर्दी वाढली. प्रताप नगरातून लोक येऊ लागले, गाड्या भिंतीपलीकडे लावून, नाक मुरडत त्या वाटेनं. स्टूल रिकामं राहीना. कडकन आवाज आला की घरात भागीरथाचा उजवा हात आपोआप छातीशी जायचा.

मग वंदना फळीवर घसरली. पडली नाही, गुडघ्यांवर बसली. भारा नाल्यात गेला. ती घरी आली तेव्हा गुडघे सोललेले, चेहरा राखेसारखा. रात्रीच्या जेवणाला आयुषनं विषय काढला. आईकडे न बघता, भाताशी खेळत.

"आई, तुयी मान तर आता पक्की झाली ना? हिच्याच्यानं नाही होणार आता."

बायकोची काळजी त्याला होती, नाही असं नाही. त्या काळजीतून त्याला स्वतःचं डोकं मात्र दिसलं नाही. मधुकरराव म्हणाले, उद्यापासून आयुषची माय नेईन, आता तिले का झालं. वंदना खाली बघत राहिली. भागीरथाला तिचा राग आला नाही. तिला आपल्या पोराचा आला, आणि आपणच त्याला इस्त्रीचे शर्ट घालायला शिकवलं याचा आला.

सकाळी भारा आंगणात तयार होता. मधुकररावांनी स्वतः बांधला होता, आवळून, नेहमीपेक्षा मोठा. वर चुंबळ ठेवलेली. ते स्वतः उचलून डोक्यावर देणार होते. देण्यापुरता त्यांचा खांदा चालत असे. भागीरथा चूल आवरून बाहेर आली आणि दारातच थांबली.

स्टुलावर करिष्मा बसली होती. मांडीवर पर्स, मान एका बाजूला कलती, ऑफिसचे कपडे. मावशीला पाहून ती ओशाळं हसली. दोन दिवस झोप नाही मावशी, सुटी मिळत नाही, म्हटलं वर्गाला तर किती महिने लागतात. कार्यक्रमात वस्तादांचं ऐकलं, आणि तुमचं तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मधुकरराव वाटीतलं तेल तळव्यावर घेत होते. ओट्यावर आणखी तिघं बसले होते.

भागीरथा आत गेली. पिठाच्या डब्यामागून तिनं पट्टा काढला. त्यावर पीठ बसलं होतं, ते झटकलं नाही. पदर डोक्यावरून घेतला, गळ्याशी गुंडाळला, आणि त्या पदराच्या वरून, सगळ्यांना दिसेल असा, पट्टा चिकटवला. तिला आता त्याची गरज नव्हती. म्हणूनच तो घालता आला.

ती बाहेर आली तेव्हा मधुकररावांचा एक तळवा करिष्माच्या हनुवटीला होता आणि दुसरा डोक्यामागे चालला होता. त्यांनी बायकोला पाहिलं. हात थांबला.

भागीरथाचे पाय आपोआप लांब झाले, गुडघे सैल झाले. तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसता श्वासच आला. ओट्यावरच्या एकानं खाकरून घसा साफ केला.

"नाही," ती म्हणाली. मोठ्यांदा नाही. मीठ संपलं सांगावं एवढ्याच आवाजात. "उठ वं पोरी."

"काहून आली तू बाहेर?" मधुकरराव म्हणाले. "हे काहून घातलं?"

"मी नाल्यात पडली नव्हती," ती करिष्माला सांगत होती. "याच स्टुलावर बसली होती. आवाज आला, अन् माया हात गेला. मिनलबाईनं आणला तो परत. मी खोटी बोलली तुमच्याशी."

 करिष्मानं मधुकररावांचं मनगट धरलं, हलकेच, आणि तो हात आपल्या हनुवटीवरून काढला. तेल तिच्या गालाला लागलं होतं. ते तिनं रुमालानं पुसलं, पर्स घेतली आणि भिंतीच्या वाटेनं निघाली. तिच्या चपलांचा आवाज फळीवर आला, मग गेला. ओट्यावरच्या तिघांपैकी एकाला काम आठवलं. मग दुसऱ्याला. तिसरा थोडा वेळ बसला, गमछा झटकला आणि येतो वस्ताद म्हणून उठला.

मधुकरराव तेलाचे तळवे समोर धरून उभे होते. ते मारतील असं वंदनाला वाटलं. त्यांनी मारलं नाही. जन्मात त्यांनी बायकोवर हात उचलला नव्हता, आणि तिला सगळ्यांत जास्त दुखवलं ते बरं करायला उचललेल्या हातानंच.

"बाई आहेस का दुश्मन?" ते म्हणाले. आवाज फुटला होता. "एक हात राहिला होता माया. तोही नेला तुनं."

भागीरथाला त्यांची दया आली. खरंच आली. तिनं पट्टा काढला असता, पाणी दिलं असतं. पण आंगणात भारा पडला होता.

आयुष शर्टाची बटणं लावत बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. बाबाची इज्जत घालवली तू, म्हणाला, चार लोकांत. मग घड्याळ पाहिलं आणि भिंतीच्या कडेनं निघून गेला. भारा ओलांडून गेला.

रस्त्यावर ऑटोचा भोंगा वाजला. पुन्हा वाजला. वंदनानं चुंबळ उचलून डोक्यावर ठेवली आणि ती भाऱ्याशी वाकली.

"हात लावू नको," भागीरथा म्हणाली.

"आई, ऑटो जाईन."

"जाऊ दे."

"मग कोण नेईन?"

  भागीरथानं सुनेच्या डोक्यावरची चुंबळ काढून घेतली आणि चुलीत टाकली. कापड जळायला वेळ लागला. भोंगा आणखी एकदा वाजला आणि ऑटो गेला.

मधुकररावांनी तळवे धोतराला पुसले, गदा खुंटीवरून काढली, पुन्हा अडकवली, आणि ओस पडलेल्या आखाड्याकडे निघून गेले. ते संध्याकाळपर्यंत आले नाहीत, आणि आल्यावर तिच्याशी बोलले नाहीत. पुढेही बोलले नाहीत. पाणी मागायचं झालं तरी ते सुनेकडे मागायचे.

भारा दिवसभर आंगणात राहिला. उन्हानं फडकं सुकलं, मेथी आतून तापली, पिवळी पडली. खाली पाणी सुटलं. भागीरथा दारात बसून राहिली, मानेला पट्टा, मांडीवर दोन्ही हात. स्वयंपाक झाला नाही. ऊन भिंतीपलीकडे गेलं तेव्हा ती उठली, विळ्यानं दोरी कापली आणि मेथी ओंजळीओंजळीनं बैलांपुढे टाकली. उजव्या हातानं.

त्या दिवशी त्या घरात पोटभर जेवले ते बैल.